यू ८७, त्याचा क्लोन आणि कोथरूडमधला दहा बाय आठचा बूथ

कोथरूडमध्ये एका इमारतीच्या तळमजल्यावर माझ्या मित्राचा छोटा स्टुडिओ आहे. एक टेबल, दोन मॉनिटर स्पीकर, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारं यंत्र) आणि काचेपलीकडे दहा फूट बाय आठ फुटांचा बूथ, छत नऊ फुटांवर. कामं तीन प्रकारची येतात: ऑडिओबुकांचं वाचन, जाहिरातींचे आवाज, आणि आषाढी-गणपतीच्या आधीच्या हंगामात अभंग-आरत्या. माइक एकच, बऱ्याच वर्षांपूर्वी दहा-बारा हजारांना घेतलेला, चिनी बनावटीचा, मोठ्या डायफ्रॅमचा, म्हणजे आवाजाने थरथरणाऱ्या मोठ्या पडद्याचा कंडेन्सर. दिसायला थेट न्यूमन या जर्मन कंपनीच्या नावाजलेल्या यू ८७ माइकच्या घराण्यातला. वरच्या बाजूला निमुळती होत जाणारी जाळी, निकेलसारखा रंग, सगळं हुबेहूब. आवाजाबद्दल मात्र तक्रारी संपत नव्हत्या. 'स' टोचतो, टाळ कानात घुसतात, तासाभराचं वाचन ऐकलं की थकायला होतं.

शेवटी त्याने ठरवलं की आता एकदाच काय तो चांगला माइक घ्यायचा, आणि मला विचारलं, "मूळ घेऊ की क्लोन, म्हणजे नक्कल?" हातात तीन भाव होते. न्यूमन यू ८७ एआय तीन लाखांच्या वर. अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या वॉर्म ऑडिओ कंपनीचा डब्ल्यूए-८७, दुसरी आवृत्ती, मूळच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात. आणि या दोहोंच्या मध्ये न्यूमनचाच टीएलएम १०३. तीन लाखांसाठी कर्ज काढायची त्याची तयारी होती. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितोय. असा प्रश्न पडलेले पुण्या-मुंबईत बरेच जण आहेत, आणि त्यांना मिळणारी उत्तरं बहुतेक वेळा दोनच: "मूळ ते मूळ" किंवा "काही फरक पडत नाही रे". दोन्ही उत्तरं देणाऱ्यांनी नक्कल नेमकी कशाची झालीय हे पाहिलेलं नसतं.

जुना माइक का टोचत होता

सुरुवात तिथूनच केली, कारण तोही एक क्लोनच होता. याचं उत्तर सापडतं जर्मनीत, १९६० साली.

त्याआधीचा न्यूमनचा मोठा माइक म्हणजे १९४९ चा यू ४७. तो आला तेव्हा गायक माइकपासून अंतर राखून उभे राहत. पन्नाशीच्या दशकात पॉप गाण्यात गायक अगदी जाळीला तोंड लावून गायला लागले आणि तिथे यू ४७ चढा वाटू लागला. त्यावर न्यूमनने १९६० मध्ये यू ६७ आणला, त्यात के ६७ नावाची नवी कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा भाग, होती. या कॅप्सूलचा स्वभाव असा की ती स्वतः वरच्या पट्टीत जास्त बोलते. मग तिच्यामागचं सर्किट तेवढाच भाग खाली आणतं. सर्किटच्या आउटपुटमधून थोडा सिग्नल उलटा फिरवून परत आत दिला जातो, तोही वरच्या फ्रिक्वेन्सींना जास्त लागू होईल अशा बेताने. परिणाम असा की आवाज सरळ राहतो आणि जाता जाता व्हॉल्व्हची वरच्या पट्टीतली सरसरही दबते. एफएम रेडिओत प्रक्षेपणाच्या वेळी वरची पट्टी वाढवून रिसीव्हरमध्ये ती पुन्हा खाली आणतात, त्यातलाच हा प्रकार. १९६७ च्या यू ८७ ने व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आणला, पण हे तत्त्व ठेवलं. कॅप्सूल आणि सर्किट यांना वेगळं करून चालत नाही, कारण दोघांनी मिळून एक आवाज घडवलेला आहे.

दोन हजार सालाच्या आसपास चिनी कारखान्यांतून स्वस्त कंडेन्सर माइकांचा पूर आला. त्यांतल्या पुष्कळांत के ६७ च्या धाटणीची कॅप्सूल होती. तिच्या मागे मात्र बसवलं होतं शॉप्स या जर्मन कंपनीच्या छोट्या माइकांवरून उचललेलं, ट्रान्सफॉर्मर नसलेलं सर्किट. सर्किट उत्तमच आहे, पण ते सरळ बोलणाऱ्या कॅप्सूलसाठी बनलेलं. येईल ते जसंच्या तसं पुढे पाठवणं हे त्याचं काम. चढ्या कॅप्सूलमागे सरळ सर्किट लावलं की वरची पट्टी खाली आणणारं कोणीच उरत नाही. माझ्या मित्राच्या माइकचा खालचा कप्पा उघडला तेव्हा हेच दिसलं. ट्रान्सफॉर्मर नाही, पाठीला पाठ लावलेले दोन ट्रान्झिस्टर, आणि वरची पट्टी उतरवणाऱ्या फीडबॅकचा पत्ता नाही. बाहेरचं रूप यू ८७ चं, कॅप्सूलही त्याच जातीची, पण मधला दुवा गायब. गंमत म्हणजे अशा माइकांची पहिली छाप फार चांगली पडते. दुकानात पाच मिनिटं ऐकलं तर खणखणीत, 'महाग' वाटतात. घरी येऊन तासभर वाचन ऐकलं की मग डी-एसर, म्हणजे 'स' दाबणारं साधन, लावायला लागतो.

मराठीत हा त्रास थोडा जास्तच जाणवतो, असं माझं मत. स, श, ष तर आहेतच. त्यावर आपले दंत्य च, ज, झ. 'चूल', 'चमचा', 'जाळी', 'झाड' यांतल्या व्यंजनात जीभ दातांच्या मागे टेकते आणि सुटताना वरच्या पट्टीत एक बारीक फटका मारते, साधारण पाच ते नऊ किलोहर्ट्झच्या टापूत. हे माइक नेमके त्याच टापूच्या आसपास चढलेले असतात. चाचणीसाठी मी एक वाक्य बनवलं होतं: "सासूबाईंनी चुलीवर शेंगदाण्याची चटणी ठेचून ठेवली." जुन्या माइकवर यातला प्रत्येक 'च' टाचणीसारखा येत होता.

मूळ म्हणजे कोणतं मूळ

मित्राच्या डोक्यात चित्र साधं होतं. यू ८७ नावाची एक वस्तू आहे, आणि डब्ल्यूए-८७ ही तिची नक्कल. प्रत्यक्षात यू ८७ दोन आहेत.

१९६७ चा यू ८७ फँटम पॉवरवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेवर चाले, शिवाय त्याच्या पोटात २२.५ व्होल्टच्या दोन बॅटऱ्याही बसत, बाहेरच्या रेकॉर्डिंगसाठी. कॅप्सूलला मिळणारा व्होल्टेज त्यामुळे मर्यादित होता, आणि माइकही मवाळ बोलायचा: एक पास्कल दाबाला सुमारे ८ मिलिव्होल्ट. १९८६ मध्ये न्यूमनने त्याचं सर्किट बदललं. आत एक छोटा डीसी कन्व्हर्टर आला, कॅप्सूलला जास्त व्होल्टेज मिळू लागला, बॅटऱ्या गेल्या आणि आउटपुट कार्डिऑइडमध्ये, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकण्याच्या पॅटर्नमध्ये, २८ मिलिव्होल्टवर गेलं. म्हणजे दहाएक डेसिबलची वाढ. स्वतःची सरसर १२ डेसिबल-ए (कानाला जाणवेल तसे मोजलेले डेसिबल) इतकी खाली आली. हाच यू ८७ एआय, आणि आज नवा विकत मिळतो तो हाच. दोघांच्या आवाजात फरक आहे हे दोन्ही वापरलेले लोक सहसा मान्य करतात: जुना जरा मऊ आणि मधल्या पट्टीत भरलेला, नवा पुढे येऊन स्पष्ट बोलणारा.

वॉर्म ऑडिओने नक्कल केली ती जुन्याची. म्हणजे डब्ल्यूए-८७ आणि नवा यू ८७ एआय समोरासमोर ठेवून "क्लोन जमला का" असं विचारणं म्हणजे मुलाचा चेहरा काकाशी ताडून पाहणं. साम्य दिसेल, फरकही दिसेल, आणि त्या फरकातला किती वाटा नकलेतल्या उणिवेचा आणि किती न्यूमनने स्वतः १९८६ मध्ये केलेल्या बदलाचा, हे त्या तुलनेतून कधीच कळणार नाही.

या क्लोनमध्ये मित्राच्या जुन्या चिनी माइकसारखी फसगत नव्हती, हे इथे सांगायला हवं. कॅप्सूल के ८७ च्या, म्हणजे यू ८७ मधल्या कॅप्सूलच्या धर्तीची, सर्किट वरची पट्टी सावरणारं, आउटपुटला ट्रान्सफॉर्मर. म्हणजे नक्कल रूपाची आणि कॅप्सूलची तर आहेच, पण त्या दोघांमधल्या नात्याचीही आहे. स्वस्त माइक आणि क्लोन यांच्यात मी रेघ ओढतो ती इथे.

आणखी एक गोष्ट मित्राला माहीत नव्हती. टीएलएम १०३ हा एका अर्थाने न्यूमननेच काढलेला स्वस्त यू ८७ आहे. १९९७ चा हा माइक. कॅप्सूल यू ८७ च्या घराण्यातली, ट्रान्सफॉर्मर नाही, पॅटर्न एकच, कार्डिऑइड. स्वतःची सरसर फक्त ७ डेसिबल-ए, यू ८७ एआयपेक्षाही कमी. तो बऱ्यापैकी उजळ आहे, आणि ज्याची तक्रारच 'स' टोचण्याची आहे त्याला मी तो डोळे झाकून सुचवणार नाही. खर्जातल्या पुरुषी आवाजांना मात्र छान बसतो. मित्राकडे वाचनाला येणाऱ्यांत बायका जास्त, म्हणून तो यादीतून लवकर गळला.

एक दिवस, तीन माइक

यू ८७ एआय एका दिवसाच्या भाड्याने आणला, क्लोन विक्रेत्याने चाचणीला दिला, तिसरा घरचा जुना. एकाच वेळी दोनच माइक लावायचे, कारण चॅनेल दोनच. एक सरळ उभा आणि दुसरा वरून उलटा टांगलेला, जाळ्या जवळजवळ टेकलेल्या, म्हणजे दोन्ही कॅप्सूल तोंडापासून सारख्या अंतरावर येतात. तोंड आणि जाळी यांत वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे श्वासाचा झोत अडवणारी जाळी. प्रत्येक जोडीला तेच वाचन, तोच अभंग.

खरं काम लेव्हल जुळवण्याचं. यू ८७ एआय दहाएक डेसिबल मोठा बोलतो, आणि आपला कान मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजतो. अर्धा डेसिबल जरी जास्त असला तरी "हा जास्त मोकळा आहे" असं माणूस शपथेवर सांगतो. दुकानात क्लोन आणि मूळ एकाच गेनवर, म्हणजे सिग्नल सारखाच वाढवून ऐकवले जातात तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून आधी मॉनिटरमधून पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या असलेला चाचणीचा खळखळाट) वाजवून दोन्ही चॅनेल ढोबळ सारखे केले, मग रेकॉर्ड झालेल्या वाचनावर पुन्हा जुळवून दोन दशांश डेसिबलच्या आत आणले. फाइलींना क, ख, ग नावं दिली, आणि कोणती कुणाची हे ज्याने नावं दिली तो स्टुडिओचा मदतनीस मुलगा सोडून कुणालाच माहीत नव्हतं. तो दिवसभर चेहरा कोरा ठेवून बसला होता, हे विशेष.

ऐकायला आम्ही दोघं, वाचन करणाऱ्या ताई (रंगभूमीवर बरीच वर्षं काढलेल्या), अभंग म्हणणारे बुवा, आणि मित्राची आई. काकूंना माइकमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. त्या आकाशवाणी ऐकत वाढल्या, माझ्या मते त्या खोलीतले सगळ्यात भरवशाचे कान त्यांचेच. जुन्या माइकची फाइल लागली तेव्हा त्यांनी लगेच सांगितलं, "हिच्यात वाचणारीचे दात दिसतात रे." बाकी दोन फाइलींत त्यांना काहीच फरक वाटला नाही. दोनदा ऐकवल्यावर म्हणाल्या, "गोष्ट पुढे लाव ना, मध्येच का थांबवतोस?"

ताईंना फरक लागला. क्लोनवर आपला आवाज "जरा आत बसलेला, उबदार" वाटतो आणि दुसऱ्यावर "समोर येऊन उभा राहतो", असं त्या म्हणाल्या. कोणता हवा विचारलं तर कादंबरीला पहिला, जाहिरातीला दुसरा. नावं न सांगता इतकं नेमकं सांगितलेलं पाहून मी मनात टाळी वाजवली, कारण जुना आणि नवा यू ८७ यांच्यातला फरक साधारण असाच सांगितला जातो. बुवांच्या अभंगात निकाल थोडा वेगळा लागला. तार सप्तकात गळा फेकला की यू ८७ एआय शब्द सुटे ठेवत होता. क्लोनवर ते किंचित गोळा होत होते, टाळ मात्र क्लोनवर सौम्य येत होते. बुवांना टाळ सौम्य नको होते. त्यांना टाळ टाळासारखे हवेत.

सरसरीचा फरक? हेडफोन पूर्ण वाढवून, शांत जागा निवडून ऐकलं तर क्लोनमध्ये थोडी जास्त. त्यातला काही भाग माइकचा, काही प्रीॲम्पचा, म्हणजे इंटरफेसमधल्या माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा, कारण क्लोनला त्या इंटरफेसवर गेनचा खटका जवळजवळ शेवटाकडे न्यावा लागत होता. हळू वाचणाऱ्या माणसाबरोबर हा मुद्दा खरा आहे. मऊ बोलणारा क्लोन स्वस्त इंटरफेसला लावला की वाचवलेल्या पैशांतले काही चांगल्या प्रीॲम्पवर जातात, हे धरून चालावं.

पण त्या दोन माइकांच्या सरसरीच्या कितीतरी वर एक वेगळाच गोंगाट होता: बूथचा.

बूथ

दहा फूट, नऊ फूट, आठ फूट. ही मापं कागदावर मांडली की लक्षात येतं. दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची लाट घुमते, नऊ फुटांत ६३ ची, आठ फुटांत ७० ची. त्यांच्या दुपटी ११२, १२५ आणि १४१. पुरुषाच्या बोलण्याची पट्टी साधारण तिथेच असते. बूथमध्ये कुणी पुरुष वाचायला बसला की ठरावीक स्वरांवर आवाज भांड्यात बोलल्यासारखा फुगायचा, आणि तो क्लोनवरही फुगायचा आणि तीन लाखांच्या माइकवरही. भिंतींवर होता तो इंचभर जाडीचा फोम. इतका पातळ फोम एक किलोहर्ट्झच्या खाली फारसं काही करत नाही. वरची पट्टी खाल्ली जाते, खालची तशीच घुमत राहते. त्यात एसीचा घरघराट आणि खिडकीच्या फटीतून रस्त्यावरच्या रिक्षा.

ऑडिओबुकांसाठी मित्राने ऑडिबलच्या एसीएक्स या ऑडिओबुक-निर्मितीच्या मंचाचा मापदंड धरला होता: शांततेतला आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली हवा. एसी चालू असताना तीनही माइक त्यात नापास. एसी बंद केला की तिन्ही पास. १२ डेसिबलची सरसर आणि १५ डेसिबलची सरसर यांवर वाद घालणारी आम्ही मंडळी, आणि खोलीच तीसच्या वर.

मग कोपऱ्यांत आणि वाचणाऱ्याच्या पाठीमागे चार इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) पॅनेल, लाकडी चौकटीत, वर साधं सुती कापड. दाराला रबरी पट्टी. एसी वाचनाआधी थंड करून बंद. हे सगळं स्थानिक सुताराकडून झालं आणि खर्च क्लोनच्या किमतीच्या निम्म्याच्या आत राहिला. यापेक्षा जास्त या भागावर लिहिण्यासारखं नाही. झालेला फरक मात्र दिवसभराच्या कुठल्याही माइक-तुलनेपेक्षा मोठा होता.

मग मूळ कशासाठी घ्यायचं

इथे मित्राची बाजू मला मान्य करावी लागते. जाहिरात आणि डबिंगच्या क्षेत्रात यू ८७ हे नाव मागितलं जातं. मुंबईहून फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "यू एटीसेव्हन आहे ना?" यात नुसता रुबाब नाही. एका कलाकाराचा अर्धा आवाज मुंबईत रेकॉर्ड झालेला असतो, दोन वाक्यं बदलायची असतात आणि तो आज पुण्यात आहे. तिथे माइक तोच असला तर जोड लपते. क्लोन कितीही चांगला असला तरी मुंबईतल्या यू ८७ एआयशी तो जुळेल याची खात्री नाही, कारण तो मुळात त्याची नक्कलच नाही. शिवाय न्यूमनच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची सोय अनेक दशकं टिकते, आणि दहा वर्षांनी विकायला काढला तरी मूळ माइकला चांगला भाव येतो. क्लोनची किंमत खोका उघडल्याबरोबर उतरते.

तर मग वहीत हिशेब मांडला. मूळ माइकच मागणारी कामं वर्षाला किती आली, हे मागच्या पावतीपुस्तकांवरून काढलं. महिन्याला एखादं, कधी तेही नाही. भाड्याचा सांगितलेला भाव दिवसाला अडीच हजार. तीन लाखांत असे १२० दिवस होतात, आणि कर्जाचं व्याज त्यात धरलेलंच नाही. तो जीएसटीत नोंदलेला आहे, त्यामुळे माइकवरचा १८ टक्के कर त्याला स्वतः भरायच्या करातून वजा करता आला असता. तरीही उरलेली रक्कम कोथरूडच्या त्या तळमजल्याला जड होती.

याच सुमारास त्याला कुणीतरी "न्यूमन यू ८७, जवळजवळ नवा, चाळीस हजार" असा सौदा दाखवला. लाकडी पेटी, बिल्ला, सगळं जागच्या जागी. असे बनावट माइक बाजारात भरपूर आहेत. क्लोन स्वतःच्या नावाने विकला जातो. हा मात्र न्यूमनचं नाव चोरून विकला जाणारा खोटा माल, आणि आत बहुधा तेच चढ्या कॅप्सूलमागचं सरळ सर्किट. अधिकृत विक्रेत्याकडून सीरियल नंबर पडताळल्याशिवाय पैसे देऊ नकोस, एवढंच सांगितलं. पडताळणीचं नाव काढताच विकणाऱ्याचा फोन लागेनासा झाला.

काय ठरलं

मित्राने क्लोन घेतला, बूथ दुरुस्त केला, आणि मूळ माइकच हवा असलेल्या कामांना भाड्याचा खर्च बिलात वेगळा दाखवायचं ठरवलं. ग्राहकांना पाठवायच्या साधनांच्या यादीत तो "डब्ल्यूए-८७" असं स्पष्ट लिहितो. "८७ टाइप" असं लिहावं का, हे त्याने विचारलं होतं. मी नको म्हटलं. एका एजन्सीने त्या यादीवरून काम दुसरीकडे दिलं. दुसरीने नमुना मागितला, ऐकला, आणि काम दिलं.

पावसाळ्यात क्लोनने एकदा चरचर आवाज काढला आणि मित्राने घाबरून फोन केला. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलपासून पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंतच्या मार्गाचा विजेला होणारा विरोध गिगाओहमच्या, म्हणजे अब्जावधी ओहमच्या घरातला असतो. तिथे हवेतला ओलावा, बोटाचं तेल किंवा थुंकीचा थर बसला की वीज भलतीकडून गळते आणि फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो. पावसाळ्यात मूळ न्यूमनही अशीच कटकट करतात, विशेषतः मुंबई-कोकणात. माइक रात्री स्टँडवर न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवायचा, आणि वाचनाच्या वेळी पॉप फिल्टर कधीच काढायचा नाही, एवढ्यावर ते थांबलं.

जुना माइक तो टाकून देणार होता. मी थांबवलं. त्याचं सर्किट चांगलं आहे, जोडीदार चुकीचा आहे. चढी कॅप्सूल काढून तिच्या जागी के ४७ च्या धाटणीची, म्हणजे वरच्या पट्टीत के ६७ पेक्षा बरीच सरळ असलेली कॅप्सूल बसवली तर त्या सरळ सर्किटशी तिचं नीट जमतं. बाहेरून मागवलेली कॅप्सूल, एक सावध हाताचा तंत्रज्ञ, जोडणीनंतर सोल्डरचा फ्लक्स अल्कोहोलने पुसून काढणं, काम तेवढंच. खर्च काही हजार. आता तो माइक "सासूबाईंनी चुलीवर" निमूटपणे म्हणतो. मित्र सध्या तो पखवाजावर लावतो. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा घुमारा त्यावर चांगला येतो. बुवांचे टाळ मात्र अजूनही क्लोनवर सौम्यच येतात, म्हणून यंदा गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांसाठी त्याने यू ८७ एआय भाड्याने सांगून ठेवला आहे, भाडं बुवांच्या मंडळाच्या बिलात.